दंड आधी कोणाला? सक्तीच्या मतदानाची गोष्ट

आजची गोष्ट शंभर रुपयांच्या एका दंडाची आहे. हा दंड कायद्यात आला, पुढे नियमांत आला, आणि वसूल व्हायच्या आधीच न्यायालयाने तो थांबवला. राज्य गुजरात, साल २०१५.

डिसेंबर २००९ मध्ये गुजरात विधानसभेने एक विधेयक मंजूर केलं. महापालिका, नगरपालिका आणि पंचायतींच्या निवडणुकीत मतदान करणं प्रत्येक मतदाराचं कर्तव्य, आणि न केल्यास तो ‘कसूरदार’. नरेंद्र मोदी तेव्हा तिथले मुख्यमंत्री होते. याच विधेयकात स्थानिक संस्थांमध्ये स्त्रियांसाठी ५० टक्के आरक्षणही होतं, त्यामुळे विरोध करणाऱ्यांची पंचाईत झाली. राज्यपाल कमला बेनीवाल यांनी विधेयक परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, मतदानाची सक्ती ही घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे, आणि स्त्रियांच्या आरक्षणाला ती जोडायचं कारण नाही. २०११ मध्ये विधानसभेने ते पुन्हा मंजूर केलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवे राज्यपाल ओ. पी. कोहली यांनी सही केली. २०१५ च्या जुलैत नियम आले, दंड ठरला शंभर रुपये. ऑगस्टमध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सक्तीच्या तरतुदीला स्थगिती दिली. सहा वर्षांची धावपळ, आणि हाती शून्य.

निवडणूक आली की मतदान सक्तीचं करावं हे आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच. सुट्टी घेऊन लोणावळ्याला जाणाऱ्यांवर राग असतो, तो रास्तही आहे. दंड करा, सरकारी सवलती बंद करा, पासपोर्ट अडवा, अशा सूचना येतात. आणि हमखास उदाहरण दिलं जातं ऑस्ट्रेलियाचं. तिकडे बघा, नव्वद टक्के मतदान होतं! होतं, खरंच होतं. पण ते कसं झालं, याची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ती आज सांगायची आहे, कारण ती नीट पाहिली तर गुजरातचा दंड कुठे अडला हे कळतं.

सुरुवात मात्र बेल्जियमपासून करावी लागेल. १८९३ साली तिथल्या कामगारांनी मताधिकारासाठी मोठा संप केला. तोवर मताचा हक्क मूठभर कर भरणाऱ्यांनाच होता. संपाच्या दबावाखाली संसदेने सगळ्या प्रौढ पुरुषांना मत दिलं आणि मतदारांची संख्या एकदम दसपटीच्या आसपास वाढली. पण देताना दोन गोष्टी केल्या. ज्याच्याकडे मालमत्ता किंवा शिक्षण त्याला एकाऐवजी दोन किंवा तीन मतं दिली, आणि मतदान सक्तीचं केलं. सक्ती कशासाठी? तर संघटित कामगार सगळे येतील आणि सुखवस्तू माणूस घरी बसेल, या भीतीपोटी. म्हणजे या कल्पनेच्या जन्मात लोकशाहीवरचं प्रेम थोडं आणि हिशोब जास्त होता. राजकारणात हे काही नवल नाही. फक्त आपण ‘पवित्र कर्तव्य’ वगैरे म्हणतो तेव्हा ध्यानात असावं.

ऑस्ट्रेलियातही हिशोबच होता. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात १९१५ साली डिग्बी डेनहॅम यांच्या सरकारने मतदान सक्तीचं केलं. मजूर पक्षाच्या संघटना आपले मतदार घराघरांतून बाहेर काढतात, आपल्याला तसं जमत नाही. मग कायद्यानेच सगळ्यांना बाहेर काढू, हा विचार. निवडणूक झाली, मतदान भरघोस वाढलं, आणि डेनहॅम हरले. मजूर पक्ष सत्तेवर आला. सक्तीने आपलाच फायदा होईल असं मानणाऱ्या प्रत्येक पक्षाने हा प्रसंग लक्षात ठेवावा.

पुढे १९२२ ची देशपातळीवरची निवडणूक झाली तेव्हा मतदान ६० टक्क्यांच्याही खाली आलं. १९२४ मध्ये टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी सक्तीचं खासगी विधेयक मांडलं. सरकारने स्वतः पुढे व्हायचं टाळलं, पण अडवलंही नाही. थोडीशी चर्चा झाली, मतविभाजन कोणी मागितलंच नाही, आणि कायदा झाला. सगळ्याच पक्षांची त्यात सोय होती: मतदार गोळा करायचा खर्च आणि कटकट आता सरकारच्या गळ्यात. १९२५ च्या निवडणुकीत मतदान ९१ टक्क्यांवर गेलं. तेव्हापासून आजवर ते साधारण नव्वदच्या आसपासच आहे. सुरुवातीला दंड होता दोन पौंड. आज आहे वीस डॉलर.

इथपर्यंतची गोष्ट सक्तीच्या बाजूची आहे. पण जरा मागे जाऊ.

ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचं होण्याच्या तेरा वर्षं आधी, १९११ मध्ये, मतदार नोंदणी सक्तीची झाली होती. त्याच वर्षी मतदान शनिवारीच घ्यायचं असं ठरलं. टपालाने मत देण्याची सोय सक्तीच्या आधीपासून होती. आपल्या मतदारसंघाबाहेर पण त्याच राज्यात असाल तर तिथल्या केंद्रावर जाऊन आपल्या मतदारसंघासाठी मत देता येतं. रुग्णालयांत, वृद्धाश्रमांत, दूरच्या वस्त्यांवर फिरती पथकं जातात. मतदान बहुतेक शाळांमध्ये असतं, आणि तिथे पालकमंडळी शाळेच्या निधीसाठी सॉसेज भाजून विकतात. त्याला तिकडे ‘डेमॉक्रसी सॉसेज’ असं नावच पडलं आहे. (आपल्याकडे मतदान केंद्राबाहेर कांदाभजी चालू केली तर टक्का किती वाढेल, यावर कोणीतरी अभ्यास करायला हरकत नाही.)

सांगायचा मुद्दा असा की तिथे सक्ती आधी सरकारवर झाली. मतदार शोध, त्याचं नाव लिही, त्याला सोयीचा दिवस दे, तो जिथे असेल तिथे पेटी ने. एवढं झाल्यावर दंडाचं पाऊल पडलं. दंड हा त्या इमारतीचा शेवटचा मजला आहे. आपण फोटो बघतो तो फक्त त्या मजल्याचा.

तरीही भांडण झालंच. अर्नेस्ट जड नावाचा समाजवादी कार्यकर्ता मतदानाला गेला नाही. त्याचं म्हणणं, सगळे उमेदवार भांडवलशाहीचे समर्थक आहेत. मी त्यांतल्या कोणालाही का निवडू? प्रकरण १९२६ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठापर्यंत गेलं. बहुमताने निर्णय आला की हे कारण ‘पुरेसं आणि वैध’ नाही. पसंत नसलं तरी दिलेल्यांतून निवड करणं हेच मतदान. न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. मला स्वतःला हिगिन्स यांची बाजू जास्त पटते. पण व्यवहारात प्रश्न जरा बोथट झाला, कारण मतपत्रिका गुप्त असते. आत जाऊन कोरी पत्रिका टाकली तर कळणार कोणाला? आज तिथे पाच टक्क्यांच्या आसपास मतं बाद निघतात. काही चुकून, काही मुद्दाम.

भारतात याच प्रश्नाला २०१३ साली वेगळं वळण मिळालं. सर्वोच्च न्यायालयाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे नोटा, हा पर्याय द्यायला सांगितला, आणि मत न देणं हासुद्धा अभिव्यक्तीचाच भाग मानला. गुजरातच्या कायद्याला दोन वर्षांनी स्थगिती मिळाली, तेव्हाही मतदानाच्या हक्कातच मतदान न करण्याचा हक्क येतो हा विचार पुढे आला.

आता ऑस्ट्रेलियाच्या गोष्टीतला असा भाग, जो आपल्याला थेट पुण्याला आणून सोडतो.

१९०२ च्या ऑस्ट्रेलियन कायद्याने स्त्रियांना मत दिलं. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. पण त्याच कायद्याने तिथले आदिवासी आणि आशिया-आफ्रिकेतून आलेले लोक यांना बहुतांशी वगळलं. म्हणजे तिथे स्थायिक झालेले हिंदी लोक ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही मतदार नव्हते. १९२२ साली व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले. शास्त्री तमिळ, पण काम पुण्याच्या भारत सेवक समाजाचं. नामदार गोखल्यांच्या मागे त्या संस्थेचं अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. त्यांनी तिथल्या नेत्यांपुढे या भेदाचा प्रश्न मांडला. १९२५ मध्ये कायदा बदलला आणि तिथे राहणाऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना मत मिळालं. ज्या वर्षी ऑस्ट्रेलियाने गोऱ्या मतदाराला दंडाचा धाक दाखवून पहिल्यांदा केंद्रावर नेलं, त्याच वर्षी हिंदी माणूस यादीत शिरला. एका दारावर ‘आलाच पाहिजेस’ अशी पाटी, आणि दुसऱ्या दारावर कालपर्यंत कुलूप.

आणि आदिवासींचं काय? त्यांच्यासाठी ते कुलूप आणखी सदतीस वर्षं राहिलं. लष्करात सेवा केलेल्या, किंवा राज्यात आधीच मत असलेल्या काहींना १९४९ मध्ये वाट मिळाली. १९६२ मध्ये सगळ्या आदिवासींना देशपातळीवर नोंदणीचा हक्क मिळाला, पण नोंदणी ऐच्छिक ठेवली. इतर सगळ्यांना सक्ती, यांना ऐच्छिक. वर, एखाद्या आदिवासीवर नाव नोंदवण्यासाठी दबाव आणणं हा गुन्हा ठरवला. याला कोणी संरक्षण म्हणेल. माझ्या मते सरकारला त्यांना शोधायचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. नोंदणीची सक्ती त्यांच्यासाठी आली १९८४ मध्ये. म्हणजे नव्वद टक्के मतदानाचा आकडा साठ वर्षं अभिमानाने सांगितला जात होता, तेव्हा त्या टक्क्याचा छेद कोणाला धरून काढला होता? टक्का यादीवर निघतो. यादीत जो नाही, तो गैरहजरही नसतो.

चिलीचं उदाहरण याहून बोलकं आहे, आणि ताजं आहे. तिथे २०१२ पूर्वी नाव नोंदवणं ऐच्छिक होतं, पण एकदा नोंदवलं की मतदान सक्तीचं. मग तरुण पोरांनी काय केलं असेल? नावच नोंदवलं नाही! यादी म्हातारी होत गेली. २०१२ मध्ये उलट केलं: नोंदणी आपोआप, मतदान ऐच्छिक. टक्का धाडकन खाली आला. २०२२ मध्ये नव्या राज्यघटनेवर कौल घेताना नोंदणी आपोआप आणि मतदान सक्तीचं, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि मतदान ८५ टक्क्यांच्या पुढे गेलं. (तो मसुदा लोकांनी सणसणीत बहुमताने फेटाळला, तो भाग वेगळा.)

हे आपल्याला लागू कसं पडतं, सांगतो. आपल्याकडे नाव नोंदवणं हे नागरिकाने अर्ज करून करायचं काम आहे. निवडणूक आयोग घरोघर माणसं पाठवतो, त्यात बरंच काम होतं, पण नोंदणी न केल्याबद्दल कोणाला शिक्षा नाही. अशा ठिकाणी फक्त मतदानाची सक्ती आणली तर २०१२ पूर्वीचं चिली होईल. दंड टाळायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे यादीबाहेर राहणं.

आपल्या देशात हा प्रश्न पहिल्याच निवडणुकीआधी आला होता. १९५१ मध्ये लोकप्रतिनिधित्वाचं विधेयक संसदेत होतं तेव्हा सक्तीची सूचना झाली. डॉ. आंबेडकर कायदामंत्री होते. त्यांनी व्यावहारिक अडचणींमुळे ती स्वीकारली नाही. ‘व्यावहारिक अडचणी’ हे शब्द कोरडे वाटतात, पण त्या वेळचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सव्वासतरा कोटींच्या वर मतदार, त्यांतले बहुसंख्य निरक्षर. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेपुढे याद्या आल्या, त्यांत लाखो स्त्रियांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, असं लिहून आलं. सेन यांनी ते चालू दिलं नाही. दुरुस्ती होऊनही शेवटी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं वगळावी लागली. सेन यांच्यावर याबद्दल टीका झाली, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका आपली नावं सांगू लागल्या, हेही खरं. त्या पहिल्या निवडणुकीत मतदान ४५ टक्क्यांच्या आसपास झालं. समजा तेव्हा सक्ती असती, तर उरलेल्या ५५ टक्क्यांना नोटिसा कोणी लिहिल्या असत्या, आणि त्या वाचल्या कोणी असत्या?

सक्ती न करता २०१९ मध्ये आपण ६७ टक्क्यांवर पोचलो. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये आणि विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात सक्ती नाकारली. त्यावर जास्त वेळ घालवत नाही. कारणं बहुतेक तीच आहेत.

सक्तीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र टाळता येणार नाही. नेदरलँड्समध्ये जन्मलेले राज्यशास्त्रज्ञ आरेंड लाइपहार्ट यांनी तो नव्वदच्या दशकात जोरात मांडला. मतदान ऐच्छिक असलं की न येणारे लोक समाजात सारखे विखुरलेले नसतात. गरीब आणि कमी शिकलेले जास्त गळतात, मग पुढारी त्यांच्याकडे बघत नाहीत. सक्ती ही विषमता कमी करते. पश्चिमेत हे पटण्यासारखं आहे. आपल्याकडे गणित नेमकं फिरतं. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत गडचिरोली जिल्ह्यात मतदान ७० टक्क्यांच्या पुढे गेलं आणि मुंबईच्या कुलाब्यात ५० टक्क्यांच्याही खाली राहिलं. म्हणजे औषध ज्याच्यासाठी आहे तो रोगी आपल्याकडे बऱ्याच अंशी वेगळा आहे. कुलाब्यातल्या माणसाला शंभर रुपये म्हणजे पार्किंगची पावती.

पण गरिबांतही एक मोठा गट खरोखर गळतो, आणि शंभर रुपये त्यालाच टोचले असते. तो म्हणजे पोटासाठी गाव सोडणारा. दाहोद-पंचमहालचा मजूर सुरत-अहमदाबादच्या बांधकामावर असतो, नाव गावच्या पंचायतीच्या यादीत. मतदानाला जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि वर गाडीभाडं. गुजरातच्या नियमांत सवलती होत्या, आजारपणासारख्या. पण सवलत हवी तर नोटीस आल्यावर कागदपत्रांसह कारण दाखवायचं. नाक्यावर उभं राहून काम मिळवणारा कोणता कागद आणणार? त्याच सुरतेत उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली आपली मराठी माणसं आहेत. त्यांतल्या कितीकांचं मत धुळ्या-नंदुरबारला आणि आयुष्य सुरतेला. महाराष्ट्रात २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर. बीडची टोळी कोयता घेऊन निघाली की तिचं मत मागे कुलूपबंद घरात राहतं. या माणसांना आळशी म्हणायची हिंमत कोणी करू नये.

इथे गोखल्यांकडे परत जातो. बेल्जियमने मतदान सक्तीचं केलं त्याच १८९३ साली सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करून पाहिलं, आणि १९०६ मध्ये ते साऱ्या बडोदा संस्थानात नेलं. त्यांच्याकडेही गैरहजेरीला पालकांना दंड होता. पण अमरेलीत आधी प्रयोग, शाळा आणि मास्तर, मग विस्तार, असा तो क्रम होता. गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं. त्यांनी अट घातली की ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जात आहेत, तिथेच सक्ती लागू करायची. शाळाच नाही तिथे बापाला दंड करण्यात अर्थ नाही, हे त्यांना दिसत होतं. इतकं जपून आणलेलं विधेयकही १९१२ मध्ये पडलं. गुजरातच्या २००९ च्या विधेयकात अशी एकही पूर्वअट नव्हती. मतदारापासून केंद्र किती दूर, तो परगावी असेल तर काय सोय, यातलं काही सरकारवर बंधनकारक नव्हतं. बंधन सगळं एका बाजूला. दिल्लीत २००९ मध्येच जे. पी. अगरवाल यांनी लोकसभेत आणलेल्या सक्तीच्या खासगी विधेयकात निदान पुरेशी केंद्रं उभारण्याची आणि वृद्ध-अपंगांच्या सोयीची जबाबदारी सरकारवर टाकलेली होती. ते विधेयक पुढे गेलं नाही, पण क्रम त्याला कळला होता.

आपलं सरकार मतदारापर्यंत जाऊ शकतं, हे आपण पाहिलेलं आहे. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांपुढच्या आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता आलं. कर्मचारी मतपत्रिका घेऊन दारात गेले. परगावच्या मजुरासाठीही पाऊल उचललं गेलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. एका केंद्रावर ठेवलेल्या एका यंत्रातून ७२ मतदारसंघांपर्यंतचं मतदान घेता येईल, म्हणजे सुरतेत उभं राहून नंदुरबारचं मत देता येईल, अशी ती कल्पना. २०१९ मध्ये ३० कोटींहून जास्त मतदारांनी मत दिलं नव्हतं, आणि स्थलांतर हे त्याचं एक मोठं कारण, असं आयोगाचं म्हणणं होतं. १६ जानेवारी २०२३ ला दिल्लीत सगळ्या पक्षांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. विरोधी पक्षांनी प्रश्न विचारले: स्थलांतरित नेमका कोणाला म्हणायचं? परराज्यातल्या केंद्रावर आमचे प्रतिनिधी बसणार कसे? तिथे आचारसंहिता कोण राबवणार? प्रश्न रास्त होते, आणि उत्तरं काढण्याजोगी होती. ती निघाली नाहीत. २०२४ ची निवडणूक त्या यंत्राशिवाय झाली, आणि ऊसतोडीला गेलेल्याचं मत अजूनही त्याच्या गावीच आहे.